मी चपला बघतो

“आक्का, यातली कुठली खोली पाहिजे ते तू सांग,” असं म्हणत जयपालनं जहाजाचा नकाशा माझ्या कटिंगच्या टेबलावर पसरला. खाली शाळेच्या गणवेशाचं निळं कापड होतं, त्यावर खडूच्या रेघा आखलेल्या होत्या. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी कात्री दाखवली असती. पण माझा धाकटा भाऊ त्या दिवशी खुशीत होता. त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यानिमित्त सगळ्या घरादाराला घेऊन तो बोटीच्या सहलीला निघणार होता. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत. तो, माझी भावजय सुजाता, पुण्याची लेक स्नेहल, जावई, त्यांचं पाच महिन्यांचं बाळ आणि मी.

नकाशात आगपेट्या रचून ठेवाव्यात तशा खोल्या होत्या. आपल्या पेंडीच्या दुकानात गिऱ्हाईकाला समजावतो तसं जयपालनं मला समजावलं. मधल्या रांगेतल्या त्या आतल्या खोल्या, त्यांना खिडकी नाही. त्यांच्या बाहेरच्या खिडकीच्या. आणि अगदी कडेच्या त्या बाल्कनीच्या. काही मोजक्या खोल्या इतरांपेक्षा मोठ्या होत्या आणि त्यांच्यावर चाकाच्या खुर्चीचं बारीक चित्र होतं. त्यांचं दार रुंद, उंबरठा कुठंच नाही, न्हाणीतसुद्धा खुर्ची थेट आत जाते आणि आतल्या आत वळते. अशा खोल्यांतली बाल्कनीची त्या मजल्यावर एकच होती, टोकाला.

मी खडू उचलला आणि त्या खोलीवर फुली मारली.

“बाल्कनीची?” जयपाल म्हणाला. “तुला?”

“का? मला बाल्कनी चावते होय?”

तो हसला. स्वयंपाकघराच्या दारातून सुजाताही हसली. हसायच्या आधी दोघांनी एकमेकांकडं बघितलं, ते मला दिसलं होतं. पण मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. अशी खोली नुसती मागून मिळत नाही, दाखला लागतो, म्हणून जयपालनं माझ्या अपंगत्वाच्या दाखल्याचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. माझ्या वाटणीचे पैसे मी शिवणाच्या क्लासचे साठवलेले दिले. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही.

मला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. चाळिशीपर्यंत पायाला पट्ट्या लावून, कुबडीवर चालले, मग खांदे थकले आणि खुर्चीत बसले. लग्नाची गोष्ट फार छोटी आहे, कुणी विचारलं नाही. जयसिंगपुरातल्या निम्म्या बायका माझ्याकडं शिवण शिकल्या. स्वतःचं सगळं मी स्वतः करते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, हाताला धरायला काहीतरी असलं की झालं. मला उचललेलं आवडत नाही. माणसाला उचललं की त्याचं बोलणं तिथंच थांबतं. मग पदर कुठं गेला, पाय कुठं लोंबतोय, तेवढंच उरतं.

समुद्र मी पाहिला नव्हता असं नाही. पाहिला होता, लांबून, माणसांच्या पाठींवरून. वाळूत खुर्चीची चाकं रुततात. त्यामुळं जिथं डांबर संपतं आणि वाळू सुरू होते तिथं माझी जागा ठरलेली. घरचे सगळे चपला काढायचे, त्या माझ्या खुर्चीभोवती गोळा व्हायच्या, आणि मी म्हणायची, “तुम्ही जावा, मी चपला बघतो.” बाहुबलीच्या डोंगराला गेलो तरी पायऱ्यांखाली तेच. आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलो, मी जेवलो, मी बघतो. लिहायला बसले की मी शाळेत शिकवलं तसं लिहिते, पण तोंडात येतं ते हेच.

तर एवढंच मला पाहिजे होतं. मधे कुणाची पाठ नाही, बाजूला कुणाच्या चपला नाहीत, आणि समोर समुद्र. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. साठी उलटलेल्या बाईनं असलं काही मागायचं म्हणजे लोक नाटक म्हणतात.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी जयपाल मोबाईल माझ्या मशीनवर चार्जिंगला लावून बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, गेला. सुजाता गच्चीवर पापड वाळत घालत होती. फोन वाजला. पुण्याच्या सहलवाल्या कंपनीतली केतकी नावाची मुलगी सगळं बुकिंग बघत होती, तिचं नाव दिसलं म्हणून मी उचलला.

माझा आवाज वडिलांवर गेलाय, जाडाभरडा. बँकेतून फोन आला की पोरं मला सर म्हणतात. मीही दुरुस्ती करत नाही, सरांना जरा नीट उत्तरं मिळतात.

“सर, केतकी बोलतेय. दोन मिनिटं वेळ आहे ना?”

“आहे की. बसलोय मी इथंच.”

त्या पुण्याच्या मुलीला काय ठाऊक, आमच्याकडं बाईसुद्धा बसलोय म्हणते. तिनं मला जयपाल समजून बोलायला सुरुवात केली, आणि मी तिलाही दुरुस्त केलं नाही.

ती सांगत होती, टोकाची बाल्कनीची मोठी खोली पक्की झाली आहे. पद्मावती मगदूम यांच्याच नावावर, कारण दाखला त्यांचा. तुम्ही म्हणालात तसं, जहाजावर चढल्यावर तुमची मुलगी, जावई आणि बाळ त्या खोलीत राहतील, पाळण्याला जागाही भरपूर आहे. आत्यांसाठी समोरची आतली खोली घेतलीय. मात्र अशी अदलाबदल नियमात बसत नाही, तेव्हा केतकीला हे ठाऊक होतं असं कुठं बोलू नका. आणि दुसरं, त्या आतल्या खोलीचं दार नेहमीच्या मापाचं आहे, खुर्ची आत जाणार नाही. न्हाणीला चांगला वीतभर उंबरठा आहे. तुम्ही उचलून नेऊ म्हणाला होतात, ते नक्की जमेल ना, एवढंच विचारायला फोन केला.

मशीनच्या चाकावर माझा हात होता, सुई कापडात रुतलेली होती. मी चाक उलटं फिरवून सुई वर घेतली.

“त्या खोलीला खिडकी नाही?” मी विचारलं.

“नाही सर, आतली म्हणजे बिनखिडकीचीच. पण स्नेहल मॅडमच म्हणाल्या की आत्यांना तेच बरं पडेल. ही अदलाबदलीची कल्पना त्यांचीच ना.”

मला राग यायला हवा होता, पण आधी राग आला नाही. स्नेहल सव्वा वर्षाची असताना सुजाताला दुसऱ्या बाळंतपणात फार त्रास झाला, बाळही गेलं, आणि ती वर्षभर अंथरुणाला होती. त्या वर्षात स्नेहल माझ्या मांडीवर वाढली. खुर्चीत नव्हते मी तेव्हा, भिंतीला टेकून बसायची आणि ती माझ्या पायांवर झोपायची. मुंग्या आल्या तरी माझे पाय हलायचे नाहीत, त्यामुळं तिला कितीही वेळ झोपता यायचं. आधी ते सगळं आठवलं.

“सर? आहात ना?”

“आहे. बदल करायचाय.”

“कुठला?”

“अदलाबदल नको. दाखला ज्याचा, खोली त्याची.”

तिकडून कळफलक वाजायचा आवाज आला. “बरं. मग स्नेहल मॅडमसाठी साधी बाल्कनीची बघू का? पाळणा बसेल, थोडं अडचणीचं होईल.”

“बघा. आणि ती मोठी खोली त्या तारखेची नको. पुढच्या कुठल्या फेरीला तीच खोली रिकामी असेल तर तिकडं घ्या. एकट्या माणसाची.”

तिनं तारखा चाळल्या. मग पंधरवड्यानंतरच्या फेरीला तीच खोली मिळते आहे, पण एकट्या माणसालाही भाडं दोघांचंच पडतं, जहाजवाले खोली दोघांचीच धरतात, असं तिनं सांगितलं. मी चालेल म्हणाले.

“पण सर, आत्या एकट्या? खुर्चीवरच्या प्रवाशाला स्वतःचं स्वतः करता येतं असं लिहून द्यावं लागतं, नाहीतर सोबत लागते. त्यांच्याबरोबर कोण जाणार?”

“मी.”

“म्हणजे दोघं झाले ना?”

“एकच. मी पद्मावती मगदूम बोलतोय.”

मग ती सॉरी मॅडम, सॉरी मॅडम म्हणायला लागली, अगदी रडवेली झाली. तिला मी म्हटलं, बाई, तुझी काही चूक नाही, तू मला बाप्या समजलीस म्हणून मला खरं तरी कळलं. दोन दिवसांत माझी सही पाठवतो. स्वतःचं स्वतः करता येतं, असं मी गेली साठ वर्षं लिहूनच देत आलेय.

जयपाल बस्तीतून आला तो कपाळावर गंध, हातात अक्षता. मी त्याला मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. माझ्याशी तो कधी खोटं बोलत नाही, त्यामुळं त्याला ते नीट जमलंही नसतं. मान खाली घालून तो बोटांनी अक्षता चोळत राहिला. म्हणाला, लेकराला जागा पाहिजे होती. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, खोली तुम्ही घ्या, मी घरी राहतो. मग सहलीत काय राम?

ते खरं होतं, मी तसंच म्हटलं असतं. म्हणूनच मला जास्त लागलं. माझ्या तोंडचं वाक्य त्यांनी माझ्याआधी ऐकून ठेवलं होतं.

“मग मला उचलून कोण नेणार होतं?” मी विचारलं.

“मी आणि जावई. दोन पावलांचं तर काम.”

“आणि रात्री न्हाणीत, पाण्याला जायचं झालं म्हणजे?”

त्यानं हातातल्या अक्षता मशीनवर ठेवल्या. मग तो म्हणाला, “रागावलीस ते बरोबर आहे. पण एकटी कशाला जातीस? आमच्याबरोबरच चल, तुझ्या त्याच खोलीत राहा. आम्ही करतो आमचं कायतरी.”

मी नाही म्हणाले. त्या खोलीत बसून, समोरच्या दारातून बाळाचा पाळणा कसाबसा आत ढकलताना त्यांना बघायचं, हे मला झेपणार नव्हतं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं असतं, या इकडं, घ्या खोली. मी मला ओळखते.

“सोबत कोण तुला?” सुजाता पापडाचं सूप घेऊन दारात उभी होती, तिनं हेच विचारलं. दुसरं काही विचारलं नाही.

स्नेहलचा फोन दुपारी आला. जयपालनं तिला सांगितलं असणार. फोनवर आधी नुसतं बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं.

“आत्ती, तू गैरसमज करून घेऊ नकोस गं. मी तुझाच विचार केला होता.”

“बिनखिडकीची खोली?”

“मग? तुला पाण्याची भीती वाटते ना. त्या बाल्कनीत चारी दिवस समोर नुसतं पाणी. तुला रात्री झोप लागली नसती. मला वाटलं, आतल्या खोलीत तुला समुद्र दिसायचाच नाही, तर बरं.”

आता ही भीती कुठनं आली ते सांगायला पाहिजे. स्नेहल सहा वर्षांची होती. गणपतीपुळ्याला गेलो होतो. सगळी पाण्याकडं गेली आणि ही पोर माझी कुबडी धरून उभी राहिली. “तू येत नाहीस तर मी पण जात नाही.” तोंड रडवेलं, डोळे सगळे पाण्याकडं. तिला मी कितीतरी सांगून पाहिलं, ऐकेना. शेवटी म्हणाले, “अगं, मला पाण्याची भीती वाटते. मला इथंच बरं. तू जा, मी चपला बघतो.” तिनं माझ्याकडं नीट बघितलं, खरं आहे का ते तपासलं, आणि पळाली. इतकी आनंदात पळाली की एक चप्पल पायातच राहिली होती. तेव्हापासून घरात सगळ्यांना ठाऊक झालं, आक्काला पाण्याची भीती वाटते. कुणी आग्रह करायचं बंद झालं. कुणाचा पाय अडकायचाही बंद झाला.

“आत्ती? वाटते ना भीती?”

खरं सांगायचं मनात आलं होतं. पण सांगून काय झालं असतं? त्या सहा वर्षांच्या पोरीनं समुद्रात घातलेला सगळा धिंगाणा मी तिच्याकडून परत मागून घेतल्यासारखं झालं असतं.

“आता नाही वाटत,” मी म्हणाले.

“कधीपासून?”

“आजपासून.”

तिला हसू आलं नाही. “मग आधी सांगायचंस ना,” एवढंच ती म्हणाली आणि बाळ रडायला लागलं.

त्यांची सहल त्यांच्या तारखेला झाली. निघताना सगळे पाया पडले. चार दिवस घरात मी आणि मशीन. स्नेहल गोव्याहून बोलली, आवाजामागं लाटांचा आवाज होता. किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला भरतीत वाहून गेल्या म्हणे. बाबा रिक्षावाल्याकडं अनवाणी उभे राहिले, आईनं तापलेल्या रस्त्यावर नाच केला.

“चपला बघायला तू नव्हतीस ना, आत्ती,” ती हसत म्हणाली. मीही हसले. मग तिनं तिकडं पाऊस नाही ना, असं काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला.

पंधरवड्यानं मी गेले. जयपाल मुंबईपर्यंत गाडीनं सोडायला आला. बंदराच्या दारातून पुढं त्याला सोडत नव्हते. जहाजावरचा एक माणूस माझी खुर्ची ढकलायला आला, त्याला मी म्हटलं, मी जातो. फळी चढाची होती, तेवढी त्याला ढकलू दिली. मागं वळून बघितलं तर जयपाल हात वर करून उभा होता, आणि वडील गेले त्या दिवशी दिसला होता तसा दिसत होता.

खोलीचं दार खरंच रुंद होतं. आत गेले, वळून बघितलं, परत बाहेर आले, परत आत गेले. न्हाणीत गेले. बाल्कनीचं काचेचं दार ढकललं आणि तिथंही काही आडवं आलं नाही, चाकं सरळ बाहेर गेली. कुणी हात लावला नाही, कुणी ‘सावकाश’ म्हणालं नाही. इतकी वर्षं प्रत्येक दारात कुणाचं तरी ‘सावकाश’ ऐकलं होतं, ते त्या दिवशी नव्हतं आणि कान मात्र वाट बघत होते.

खोली साफ करणारा पोरगेलासा माणूस गोव्याचा होता, ओल्विन. त्यानं दोन टॉवेल ठेवले, दोन उशा, पाण्याच्या दोन बाटल्या.

“मॅडम, दुसरे कधी येणार?”

“दुसरं कुणी नाही.”

तो एक टॉवेल उचलायला लागला, मी राहू दे म्हणाले. आम्ही रात्रीचं जेवत नाही, तेव्हा दिवस मावळायच्या आत मला वरण-भात तेवढा इथंच आणून दे, असं त्याला सांगितलं. त्यानं आणला. कांदा-लसूण नसलेला, नीट चौकशी करून आणला होता.

जहाज सुटलं तेव्हा ऊन कललं होतं. मुंबई हळूहळू मागं सरकली, इमारती बारीक झाल्या, मग धूर, मग काहीच नाही. आणि समोर समुद्र आला. नकाशातल्या फुलीपासून मी ज्याची वाट बघत होते तो. मधे कुणाची पाठ नाही. लाटा नाहीत, नुसतं पाणी, खूप लांबपर्यंत, आणि त्याच्यावर पिवळा उजेड. भीती कसली. मला वाटलं आपण किती वेडे, एवढ्यासाठी इतकी वर्षं गप्प बसलो. वाटलं कुणाला तरी म्हणावं, बघ गं, बघ. फोन उचलला तर रेंज गेलेली होती.

बाल्कनीत जहाजवाल्यांच्या दोन खुर्च्या होत्या. मी माझ्याच खुर्चीत, त्यामुळं दोन्ही रिकाम्या. वाऱ्यानं एक सारखी कुरकुरत होती. मी वाकून माझ्या चपला काढल्या. बोटीवर येताना नव्या घेतल्या होत्या, तळ अजून कोरा होता. त्या एका रिकाम्या खुर्चीपुढं जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी पाय हातांनी उचलून कठड्याच्या गजांना लावून बसले. पायांना लोखंडाचा गारवा लागला. चालता आलं नाही तरी गार-गरम माझ्या पायांना कळतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्यानंतर घरात कुणी माझ्या पाण्याच्या भीतीचं नाव काढलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. जहाजाचं विचारतात तेव्हा खोली किती मोठी होती ते सांगते. सूर्य बुडताना काय बघितलंस, असं स्नेहलच्या लेकीनं परवा विचारलं, तिला काय सांगावं ते कळेना.

कारण सूर्य बुडाला तेव्हा मी बघत नव्हते. वारा सुटला होता, आणि समोर सगळा समुद्र असताना मी मान वळवून दर थोड्या वेळानं माझ्या चपलांकडं बघत होते.